घरी कुठली भाषा बोलता?

मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायला लागलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पालकसभेत एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'घरीसुद्धा इंग्लिशच बोला, म्हणजे त्याचा गोंधळ होणार नाही.' सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऐकणारे आईबाबाही मुलाच्या भल्याचंच बघत असतात. त्या दिवसापासून घरात 'पाणी पी'चं 'वॉटर पी' होतं आणि 'मांजर बघ'चं 'कॅट बघ' होतं. आजी नातवाशी बोलताना अडखळायला लागते आणि मग हळूहळू कमीच बोलते.

या सल्ल्यातला कळीचा शब्द आहे 'गोंधळ'. दोन भाषा एकदम कानावर पडल्या की लहान डोक्यात त्यांची खिचडी होते, ही समजूत आपल्याला इतकी उघड वाटते की तिला काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण तो आहे. ही समजूत शंभरेक वर्षांपूर्वी शाळांमध्ये चाचण्या घेऊन, आकडे मांडून 'सिद्ध' करण्यात आली होती. पुढे ती तितक्याच रीतसर मोडीतही निघाली. मोडीत निघाल्याची बातमी मात्र पालकसभेपर्यंत पोचलेली नाही.

गळ्यातली पाटी

सुरुवात वेल्सपासून करू. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ प्रदेश. तिथली वेल्श भाषा इंग्रजीहून इतकी वेगळी, की नुसती इंग्रजी येणाऱ्याला तिच्यातलं एक वाक्य कळू नये. १८४७ साली तिथल्या शिक्षणाची पाहणी करणारा एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे तिघंही इंग्रज होते आणि तिघांनाही वेल्श येत नव्हतं. गरीब, नीट इमारती नसलेल्या, जेमतेम शिकलेल्या मास्तरांच्या शाळा त्यांनी पाहिल्या, मुलांना इंग्रजीत प्रश्न विचारले आणि मुलं गप्प राहिली. निष्कर्ष निघाला की हे लोक मागास आहेत आणि त्यांची भाषा हे त्या मागासलेपणाचं एक मोठं कारण आहे. अहवालाची बांधणी निळ्या रंगाची होती. वेल्समध्ये तो आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणूनच ओळखला जातो.

त्या काळी तिथल्या बऱ्याच शाळांत एक पद्धत होती. मूल वेल्श बोलताना सापडलं की त्याच्या गळ्यात लाकडाची छोटी पाटी अडकवायची. तिला म्हणत 'वेल्श नॉट'. दुसरं कुणी वेल्श बोललं की पाटी त्याच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. म्हणजे पहारा मास्तरांनी द्यायचीही गरज नव्हती, मुलंच एकमेकांवर कान ठेवून असत. 'मराठीत बोललीस तर दंड' हा नियम ज्यांनी शाळेत अनुभवला आहे, त्यांना या पाटीची ओळख वेगळी करून द्यायला नको.

नेमक्या त्याच वर्षांत मुंबईतही हा वाद रंगला होता. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाच्या बाजूचे होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांना ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं, ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत न्यायचं असेल तर ते त्यांच्याच भाषेतून न्यावं लागेल. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत. विरोध इंग्रजी शिकण्याला नव्हता. तिच्यासाठी देशी भाषा बाजूला सारण्याला होता. हा फरक लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

चुकीची मोजपट्टी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुद्धिमापन चाचण्या आल्या आणि जुन्या पूर्वग्रहाला आकड्यांचं बळ मिळालं. १९२३ साली डी. जे. सेअर या संशोधकाने वेल्समधल्या सात ते चौदा वर्षं वयाच्या सुमारे १,४०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यांतली दोन भाषा बोलणारी मुलं एकभाषक मुलांच्या मागे होती. सेअरने याचा अर्थ लावला तो मानसिक गोंधळ असा. पुढची अनेक वर्षं हा अभ्यास दोन भाषांविरुद्धचा पुरावा म्हणून दाखवला जात राहिला.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. शहरांमधल्या एकभाषक आणि द्वैभाषक मुलांत असा फरक दिसत नव्हता. दोन भाषांनी मेंदू गोंधळत असेल, तर तो खेड्यातच का गोंधळावा? शहरातल्या मुलाचा मेंदू काही निराळ्या मातीचा नसतो. निराळं असतं ते घर, शाळा आणि बापाची मिळकत.

अमेरिकेत याच काळात इटली, पोलंड, रशिया अशा देशांतून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची बुद्धी मोजली जात होती. फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंना १९२६ साली असं आढळलं, की ज्या गटांच्या घरांत परकी भाषा जास्त बोलली जाते त्यांचा सरासरी बुद्ध्यांक कमी दिसतो. त्यांनी दोन शक्यता मांडल्या. एक, घरची भाषाच मुलांना मागे ओढत असावी. दुसरी, जी त्यांना जास्त पटली, ती अशी, की मुळात ज्या गटांची बुद्धीच कमी, ते नवी भाषा लवकर शिकत नसावेत. म्हणजे दोष भाषेचा, नाहीतर रक्ताचा. नुकतंच बोटीतून उतरलेलं कुटुंब, एका खोलीत सात माणसं आणि अनोळखी भाषेतली प्रश्नपत्रिका, यांचा दोष कुणालाच सुचला नाही. दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना देशात येण्यापासून रोखणारा कडक कायदा अमेरिकेने १९२४ सालीच केला होता. संशोधन आणि राजकारण एकाच हवेत श्वास घेत होतं.

दुष्काळी गावातली मुलं शहरातल्या सुखवस्तू मुलांशेजारी उभी करून उंची मोजायची आणि म्हणायचं, 'बाजरीच्या भाकरीने उंची खुंटते.' हे तसंच झालं. वेल्सपुरता हिशेब १९५०च्या दशकाच्या अखेरीस डब्ल्यू. आर. जोन्स यांनी दुरुस्त केला. पालकांचा व्यवसाय लक्षात घेऊन तुलना केली तेव्हा द्वैभाषक आणि एकभाषक मुलांच्या बुद्धीतला फरक उरला नाही.

लुई नावाचं बाळ

याच काळात दोन भाषांत सुखाने वाढणारी मुलंही होतीच. झ्यूल रोंझा हा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. त्याची बायको जर्मन. १९०८ साली त्यांना मुलगा झाला, लुई. रोंझाने आपला सहकारी मोरिस ग्रामों याचा सल्ला घेतला. सल्ला सोपा होता, एका माणसाने एकच भाषा बोलायची. बापाने फ्रेंच, आईने जर्मन. रोंझाने लुईच्या बोलण्याची बारकाईने नोंद ठेवली आणि १९१३ साली पुस्तक काढलं. लुई दोन्ही भाषा व्यवस्थित शिकला होता. गोंधळ वगैरे काही झाला नव्हता. पुढे अमेरिकेत वर्नर लेओपोल्ड या प्राध्यापकाने १९३० साली जन्मलेल्या आपल्या मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, इंग्रजी-जर्मन बोलण्याचा अभ्यास चार खंडांत प्रसिद्ध केला.

रोंझाचं पुस्तक सेअरच्या अभ्यासाआधी दहा वर्षं आलं होतं. तरी खेड्यातल्या वेल्श मुलांबद्दल बोलताना लुई कुणाला आठवला नाही. लुईच्या दोन्ही भाषा मानाच्या होत्या आणि बाप विद्वान होता. त्याला दोन भाषा येणं हे संस्कारी घराचं लक्षण ठरलं. शेतकऱ्याच्या पोराला दोन भाषा येणं हा आजार ठरला.

माँट्रियलची उलटी बाजी

१९६२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलच्या फ्रेंच शाळांतल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. यावेळी दोन्ही गट सारख्या आर्थिक थरातले निवडले होते. भाषेवर आधारलेल्या चाचण्यांत द्वैभाषक मुलं मागे पडतील, असा त्यांचा अंदाज होता. झालं उलटंच. द्वैभाषक मुलं पुढे निघाली, भाषेच्या चाचण्यांत आणि भाषेशी संबंध नसलेल्या चाचण्यांतही.

या अभ्यासातही एक खोच होती. दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलंच द्वैभाषक म्हणून घेतली होती, त्यामुळे मुळातच हुशार मुलं त्या गटात जास्त आली असणं शक्य होतं. दोन भाषांमुळे मेंदू अधिक चपळ होतो, या पुढच्या दाव्याचंही तसंच झालं. काही प्रयोगांत फायदा दिसला, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो सातत्याने सापडला नाही, आणि वाद अजून चालू आहे. पण दोन भाषांमुळे बुद्धी खुंटते, हा जुना दावा काही पुन्हा उभा राहू शकला नाही.

१९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्टाने एक वर्ग सुरू करायला लावला. बालवाडीतली २६ मुलं, घरची भाषा इंग्रजी, आणि शाळेत सगळं फ्रेंचमधून. काही वर्षांत मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजीही इतर मुलांच्या बरोबरीचं राहिलं.

इथे एखादा पालक म्हणेल, बघा, परक्या भाषेच्या शाळेने काही बिघडत नाही! हाच प्रश्न लॅम्बर्टलाही पडला. इंग्रज मुलाला फ्रेंच शाळेत घातलं तर इंग्रजी टिकते, मग गरीब स्थलांतरिताच्या मुलाला इंग्रजी शाळेत घातल्यावर त्याची घरची भाषा का हरवते? त्याने उत्तर शोधलं ते भाषेच्या पतीत. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची इंग्रजी घरात होती, टीव्हीवर होती, दुकानात होती, नोकरीत होती. तिला धक्का लागणारच नव्हता. फ्रेंच ही वरची कमाई होती. स्थलांतरिताच्या मुलाला मात्र शाळा, रस्ता आणि शेजार सगळे एकच सांगत होते, की तुझी भाषा टाकून दे. लॅम्बर्टने या दोन प्रकारांना वेगळी नावं दिली. मराठीत आपण त्यांना बेरजेची द्वैभाषिकता आणि वजाबाकीची द्वैभाषिकता म्हणू शकतो.

कंधमाल आणि कुपवाड

भारतात हा विषय नीट तपासला तो अजित मोहंती यांनी. ओडिशातल्या कंधमाल भागात कोंध आदिवासी राहतात. त्यांच्यातल्या काही वस्त्यांत कुई ही मूळ भाषा टिकली होती आणि लोक कुई व ओडिया दोन्ही बोलत. काही वस्त्यांत कुई सुटली होती, फक्त ओडिया उरली होती. समाज तोच, गरिबीही सारखीच, फरक एका भाषेचा. तुलना करायला याहून चांगली जागा कुठली? मोहंतींनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या अभ्यासांत कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं विचारशक्तीच्या आणि भाषेच्या जाणिवेच्या कसोट्यांत एकभाषक मुलांपेक्षा सरस ठरली. जी भाषा टाकल्याने मुलं पुढे जातील असं वाटत होतं, ती राखलेली मुलं मागे नव्हतीच.

आता आपल्या सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. आज ते सांगली-मिरजेच्या महानगरपालिकेत आहे, साठच्या दशकात तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या गावाचं नाव माहीत झालं. गावात जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन घरांत मराठी, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. गावातल्या जवळपास सगळ्या पुरुषांना एकाहून जास्त भाषा येत. शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती, की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून सांगता यावं. शब्द मात्र आपापले राहिले, कारण घरची भाषा म्हणजे आपण कुणाचे, याची खूण. यात जातीच्या भिंतीही होत्या, हे विसरायचं कारण नाही. पण दोन भाषा आल्याने कुणाचं डोकं फिरलं नव्हतं. 'एक माणूस, एक भाषा' हा नियम तिथे कुणी ऐकलेलाही नव्हता.

बाळाला काय ऐकू येतं

मग मूल दोन भाषा शिकतं तरी कसं? कॅनडातच जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आपली 'त' आणि 'ट' ही अक्षरं आहेत. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, मग एक खेळणं उजळायचं. बाळांना फरक बरोबर कळत होता. इंग्रज प्रौढांना तो सहसा कळत नाही. पण दहा-बारा महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांनाही तो कळेनासा झाला होता. हिंदी ऐकणाऱ्या बाळांचा कान मात्र शाबूत होता. मूल अनेक भाषांसाठी उघडा कान घेऊन जन्मतं आणि वर्षभरात भोवतालच्या भाषांपुरता तो घडवून घेतं.

आपल्या हातातल्या फोनसाठी महत्त्वाचा प्रयोग पुढचा आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं, की नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा बैठकांत खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली, तर बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळायला लागला. तोच मजकूर टीव्हीवर दाखवला, तेव्हा काहीच झालं नाही. त्या वयात भाषा पडद्यातून येत नाही. ती डोळ्याला डोळा देणाऱ्या माणसाकडून येते.

आणि खिचडी? 'टीचरने मला बेंचवर उभं केलं,' असं पहिलीतली मुलगी म्हणते तेव्हा दोन शब्द इंग्रजी आहेत, पण 'ने', 'वर', कर्म, क्रियापद सगळं मराठी व्याकरणाच्या शिस्तीत बसलेलं आहे. गोंधळलेल्या डोक्याला हे जमत नाही. द्वैभाषक मुलांचे एकेका भाषेतले शब्द कधीकधी कमी भरतात, हे खरं. पण बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मायामीतल्या इंग्रजी-स्पॅनिश मुलांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले, तेव्हा एकूण साठा एकभाषक मुलांच्या तोडीचा निघाला. आपण एका खिशातले पैसे मोजून त्याला गरीब ठरवत होतो.

आपली बाजू कोणती?

२०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून मोठा वाद झाला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा येऊ शकते का? येऊ शकते, भोवती ती बोलणारी माणसं असतील तर. मग ती शाळेत आठवड्याच्या काही तासांत शिकवावी का? हा प्रश्न वेगळा आहे, कारण तासिका म्हणजे माणसं नव्हेत. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांच्या अभ्यासात, सुरुवातीच्या महिन्यांत सर्वात वेगाने डच शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. अगदी छोटी मुलं नव्हेत. लहानपणी शिकलं की लवकर येतं, हे सरसकट खरं नाही.

मराठी माणसाने स्वतःकडे पाहावं असा प्रश्न त्याहून अवघड आहे. मेळघाटात कोरकू बोलणारं किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल शाळेत पहिल्या दिवशी जातं, तेव्हा फळ्यावर मराठी असते. कोरकू आणि गोंडी या मराठीच्या बोली नव्हेत, त्यांची कुळंच वेगळी आहेत. ते मूल गप्प बसतं, आणि १८४७च्या वेल्समध्ये झालं तसं त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला जातो, मंद आहे. इंग्रजीसमोर आपण वेल्श असतो, पण कोरकू मुलासमोर आपणच इंग्रज असतो. बेरजेचा आग्रह धरायचा तर तो दोन्ही ठिकाणी धरावा लागेल.

वेल्समधल्या त्या लाकडी पाट्या आता संग्रहालयात आहेत. १९३९ साली अ‍ॅबरिस्टविथ या गावात वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली. मग अशा शाळा वाढत गेल्या, आणि २०११ साली वेल्श भाषेला कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. आज स्वतःला वेल्शचा एक शब्द न येणारे कितीतरी इंग्रजीभाषक आईबाप मुलांना मुद्दाम वेल्श शाळेत घालतात. त्या मुलांच्या बाबतीत गोंधळाची भाषा कुणी करत नाही. शंभर वर्षांत वेल्श मुलाचा मेंदू तसूभरही बदललेला नाही. बदलली ती त्याच्या भाषेची किंमत, आणि ती बदलायला आधी लोकांनी घरात ती बोलत राहावं लागलं.